हळूरावचा तिसरा नकार

उसासा ही माणसाची खासगी मालमत्ता आहे, असा हळूरावचा बरीच वर्षं समज होता. ज्या दिवशी त्याच्या उसाशाचं ध्वनिमुद्रण प्रशिक्षणाच्या वर्गात नव्या मुलांना तीन वेळा ऐकवण्यात आलं आणि प्रशिक्षकाने फळ्यावर ‘लांबी : अडीच सेकंद’ असं लिहिलं, त्या दिवशी तो समज संपला.

हळूराव हे त्याचं नाव नव्हे. पण तो इतक्या हलक्या आवाजात बोलायचा, की पहिल्याच आठवड्यात ऑफिसने त्याला हे नाव दिलं, आणि नाकारायचं तर मोठ्याने बोलावं लागलं असतं, म्हणून त्याने ते ठेवून घेतलं. त्याची कंपनी घरोघरी इंटरनेटची कनेक्शनं देई. ज्यांना ती नकोशी होत, ती माणसं फोन करत. आणि ती माणसं व त्यांची सुटका यांच्यामध्ये कानाला हेडफोन लावून हळूराव बसलेला असे. विभागाचं नाव ‘ग्राहक टिकवण कक्ष’. सातव्या मजल्यावर, एकशे चाळीस खुर्च्या, एकशे चाळीस अर्ध्या भिंती, आणि एकाच वेळी एकशे चाळीस ठिकाणी चाललेली मनधरणी. लांबून ऐकलं तर एखाद्या प्रचंड कुटुंबातलं कोणीतरी रुसून बसलंय असं वाटे.

त्या कामाचं एक शास्त्र होतं. गिऱ्हाईक पहिल्यांदा ‘बंद करा’ म्हणालं, की समोरच्या पडद्यावर पहिली खिडकी उघडे. तिच्यात इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दलचे आभार असत. आभारांनी भागलं नाही तर दुसरी खिडकी : एक महिना फुकट. मग तिसरी : सहा महिने दुप्पट वेग. आणि गिऱ्हाईक तिसऱ्यांदाही ‘बंद करा’ म्हणालं, तरच चौथी, हिरवी खिडकी उघडे, तिच्यात वर्षभर निम्मा दर असे. चौथी खिडकी आहे हे गिऱ्हाइकाला सांगण्याची सक्त मनाई होती. तशी गरजही पडत नसे. बहुतेक माणसं दुसऱ्या नकारातच थकतात. सभ्य माणसं तर पहिल्यातच.

हळूरावला मात्र खिडक्यांपर्यंत जावंच लागत नसे. कोणी ‘बंद करा’ म्हटलं, की त्याच्या तोंडून आपोआप उसासा निघे. त्यात कसब नव्हतं. कोणीही कुठूनही निघून जात असलं की त्याला खरोखरच वाईट वाटे. लहानपणी तर पाहुणे परत निघाले की तो त्यांच्या चपला लपवून ठेवी.

“अहो, तुम्हाला बरं नाही का?” पलीकडून विचारणा होई.

“बरं आहे.”

“नाही, आवाज कसातरीच येतोय तुमचा. जेवलात ना? बरं, जाऊ दे ते बंद करायचं. पुढच्या महिन्यात बघू.”

अशी माणसं त्याने अडीच वर्षांत चार हजारांवर टिकवली होती. या चार हजारांच्या बदल्यात कंपनीने त्याला काय दिलं, याचा हिशेब फार मोठा नाही. तो लागला तेव्हा ‘ग्राहक प्रतिनिधी’ होता आणि पगार अठरा हजार होता. वर्षाने तो ‘वरिष्ठ ग्राहक प्रतिनिधी’ झाला, पगार अठरा हजार. पुढच्या वर्षी ‘स्नेहबंध अधिकारी’ झाला, आणि पगार, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून असेल, अठरा हजारच राहिला. पदनामं अशी वाढत गेली, की ओळखपत्रावर ती दोन ओळींत बसवावी लागली आणि त्यासाठी फोटो लहान करावा लागला. प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतभर एक चित्र होतं : एक जिना, जिन्यावर टाय लावलेला माणूस, आणि जिन्याच्या टोकाला सूर्य. हळूराव कधी कधी दुपारी त्या चित्रासमोर उभा राही. तो माणूस अडीच वर्षं त्याच पायरीवर एक पाय उचलून उभा होता. त्याचा गुडघा दुखत असेल, असं हळूरावला वाटे.

हे सगळं तो आयुष्यभर मुकाट्याने सोसू शकला असता. सोसण्याला त्याची काही हरकत नव्हती. पण मध्ये दोन खोल्या आल्या.

हळूराव थोरल्या भावाच्या घरी राहत होता. भाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली आतल्या खोलीत झोपत, आणि हळूराव स्वयंपाकघर व मोरी यांच्यामधल्या बोळात, फ्रिजशेजारी. तो फ्रिज जुना होता. दर चाळीस मिनिटांनी त्याची मोटर थरथरून चालू होई आणि तितक्याच थरथरून बंद होई, त्यामुळे हळूरावची स्वप्नंही चाळीस मिनिटांच्या मापाने पडत. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी सरकारी ग्रंथालयात ग्रंथपाल होती, आणि वाचकांना गप्प बसवण्याची नोकरी असल्यामुळे स्वतः अतिशय स्पष्ट बोलत असे. तिने एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या हेरल्या होत्या. खोल्या लहान होत्या, पण मधल्या भिंतीला दार होतं. ते दार हळूरावने पहिल्या भेटीत तीन-चार वेळा लावून पाहिलं. दोन्ही बाजूंनी लागत होतं.

घरमालकीणबाईंची अट एकच. “भाडं साडेसहा हजार. आणि पगार भाड्याच्या तिप्पट हवा. सॅलरी स्लिप दाखवा, किल्ली घेऊन जा. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत थांबते, त्यापुढे मला जमायचं नाही.”

साडेसहाची तिप्पट साडेएकोणीस. हळूराव आणि बंद होणारं दार यांच्यामध्ये बरोबर दीड हजाराचं अंतर होतं.

आता या सुमारास वहिनीचा सगळ्यात धाकटा भाऊ तिच्याकडे राहायला आला. घरात सगळे त्याला शेंडेफळच म्हणत. तेवीस वर्षांचा, गोरागोमटा, आणि बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायची आठवण राहू नये असा. वहिनीने गळ घातली, आणि हळूरावने त्याच्यासाठी कंपनीत शब्द टाकला. शब्द टाकल्याबद्दल कंपनीने त्याला बोधचिन्ह छापलेली एक पाण्याची बाटली दिली. शेंडेफळाची निवड झाली. त्याला शिकवण्याचं काम अर्थातच हळूरावकडे आलं. हळूरावने त्याला खिडक्या शिकवल्या, गप्प बसणं शिकवलं, आणि मोठ्या प्रयासाने उसासाही शिकवला. सुरुवातीला शेंडेफळाचा उसासा म्हणजे सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यासारखा वाटे. पण पोरगा चिकाटीचा होता. महिनाभरात त्याने तो हुबेहूब उचलला.

महिन्याच्या शेवटी सगळे जेवायला बसले असताना शेंडेफळाने पगाराचा मेसेज वाचून दाखवला.

“ताई, एकवीस हजार!”

हळूरावच्या हातातला घास हातातच राहिला.

“किती?” थोरल्या भावाने विचारलं.

“एकवीस, दाजी. सुरुवात आहे. हळूदादा, तुमचे तर तीस-बत्तीस असतील ना आता? अधिकारी तुम्ही!”

बोळात फ्रिजची मोटर थरथरून चालू झाली. हळूराव हळू आवाजात म्हणाला, “भाजीत मीठ कमी आहे का जरा?” मीठ अगदी बेताचं होतं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. ज्या घरात माणसाला न मागता भाजी वाढतात, त्या घरात त्याची कीव सुरू झालेली असते.

दुसऱ्या दिवशी तो टीम लीडरबाईंकडे गेला. त्या त्याच्याहून वर्षाने लहान होत्या आणि त्यांच्या टेबलावर ‘माझं दार नेहमी उघडं आहे’ अशी पाटी होती. त्यांना दार नव्हतं, अर्धी भिंतच होती. पाटी तशी खरीच म्हणायची.

“हे बघ हळूराव,” त्या म्हणाल्या, “नवीन लोकांना आम्ही बाजारभावाने घेतो. नाहीतर येतच नाहीत रे कोणी.”

“आणि जुन्यांना?”

“जुन्यांचं वेगळं असतं. जुन्यांचं आमच्याशी नातं असतं.”

“नात्याचे किती?” असा प्रश्न हळूरावला सुचला. पण तो त्याला संध्याकाळी, घरी, फ्रिजशेजारी सुचला.

त्याच दुपारी एका बाईंचा फोन आला. “सात वर्षं पूर्ण दराने पैसे भरतेय मी,” बाई कडाडल्या. “आणि समोरच्या घरात कालचं नवीन कनेक्शन, ते निम्म्या दरात! म्हणजे सात वर्षं राहिले हीच माझी चूक का?”

हळूरावने उसासा टाकला. बाईंवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

“ते उसासे दुसरीकडे टाका. आत्ता बंद करा. उद्या यांच्या नावाने नवीन घेते, निम्म्या दरात. तीच भिंत, तीच तार, नाव फक्त नवीन!”

हळूरावने फोन ठेवला. चार हजार माणसांना त्याने हीच युक्ती करण्यापासून परावृत्त केलं होतं, आणि ती किती निर्दोष आहे हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तीच खुर्ची, तोच उसासा, नेमणूक फक्त नवीन!

एवढ्या मोठ्या गोष्टीला सल्ला हवा. भावाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहत. त्यांना सगळी इमारत अर्जकाका म्हणे, कारण नळ गळण्यापासून कुत्रं भुंकण्यापर्यंत कोणत्याही दुःखावर ते अर्ज लिहून देत. त्यांनी वर येऊन हळूरावचं नेमणूकपत्र भिंग लावून वाचलं. पाचव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“हे बघ! कलम एकोणीस. ‘सेवा खंडित झालेल्या कर्मचाऱ्याची पुनर्नियुक्ती ही सर्वस्वी नवीन नियुक्ती समजण्यात येईल.’ ही धमकी म्हणून लिहिलीय गाढवांनी! ज्येष्ठता जाईल म्हणून तू घाबरावंस म्हणून. पण तुझी ज्येष्ठताच तुला तीन हजारांना पडतेय. राजीनामा दे, एक दिवस घरी बस, परवा नवा होऊन जा.”

“आणि परत घेतलंच नाही तर?” थोरल्या भावाने विचारलं. तो विमा कंपनीत होता. संकट हे त्याचं रोजचं काम होतं.

“घेतील. उसासा कुठून आणणार?”

“भाऊजी, मला विचाराल तर नाक घासू नका,” वहिनी म्हणाली. “पण माझ्या भावाची नोकरी सांभाळून काय ते करा.”

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात ग्रंथपालने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “म्हणजे पगार मागायचा सोडून तू नोकरी सोडणार?”

“मागितला मी.”

“किती वेळा?”

“एकदा.”

“खिडक्या तूच मला समजावून सांगितल्यास ना?” ती म्हणाली, आणि एका वाचकाला बोट ओठांवर ठेवून गप्प करायला निघून गेली.

राजीनामा कागदावर देण्याची सोय आता उरलेली नव्हती. अर्जकाकांनी रात्र जागून लिहिलेला दोन पानी, ‘आपला नम्र परंतु अंतर्यामी क्षुब्ध’ असा शेवट असलेला मजकूर वाया गेला. संगणकावर एक यादी होती आणि तिच्यातून कारण निवडायचं होतं. उच्च शिक्षण. विवाह. प्रकृती. स्थलांतर. निधन. हा फॉर्म कर्मचाऱ्याने स्वतःच भरायचा असल्यामुळे शेवटचं कारण कोणी व कसं निवडायचं याचा हळूरावने थोडा वेळ विचार केला. ‘पगार’ असं कारण यादीत नव्हतं. म्हणजे पगारासाठी तिथून आजवर कोणीच गेलं नव्हतं. मेलेले मात्र गेले होते. यादीखाली ‘इतर’ होतं, पण ते निवडलं की ‘पुरावा जोडा’ असा लाल मजकूर येई. खोटं बोलण्याचा त्याला लहानपणापासून धसका होता. त्यातल्या त्यात खरं म्हणून त्याने ‘विवाह’ निवडलं.

पुढच्या अर्ध्या तासात सातव्या मजल्यावर त्याचं लग्न लागून गेलं. कंपनीतर्फे फुलांचं चित्र असलेली ईमेल सर्वांना गेली. टीम लीडरबाईंनी टाळ्या वाजवल्या. भेटवस्तूच्या वर्गणीचं पाकीट आणि नावांची यादी सगळ्या खुर्च्यांवरून फिरत फिरत हळूरावच्याही टेबलावर आली. त्याचं नाव यादीत होतं, त्यापुढची जागा मोकळी होती, आणि पाकीट घेऊन आलेली मुलगी हसतमुखाने उभी होती. “हे माझ्यासाठीच आहे” असं म्हणणं त्याला फार उद्धट वाटलं. त्याने शंभर घातले आणि सही केली. चार वाजता केक कापून त्याला एक भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं. ते चांगलंच मोठं होतं. ज्याला भिंत नाही अशा माणसाला द्यायला याहून चांगली भेट मिळाली नसती.

“आमच्या होणाऱ्या वहिनी कशा आहेत दिसायला?” शेजारच्या खुर्चीवरच्याने विचारलं. “आणि लग्नाला सोडून का जातोयस तू? आमचीही झाली की लग्नं. आम्ही काय नोकऱ्या सोडल्या?”

हळूरावने घड्याळ छातीशी धरलं.

राजीनामा मंजूर व्हायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ती गोष्ट त्याच महिन्यात सुरू झाली होती. माणसं फार सोडून जातात असं कंपनीच्या लक्षात आलं होतं. पगार वाढवून पाहावा असंही कोणीतरी सुचवलं म्हणतात, पण त्याने नुकतीच नोकरी सोडली होती. शेवटी ‘कर्मचारी टिकवण कक्ष’ स्थापन झाला. काचेच्या एका खोलीत चार खुर्च्या मांडल्या, आणि नव्या भरतीतली सगळ्यात हुशार चार मुलं तिथे बसवली. त्यांतल्या एकाचा उसासा विशेष नावाजलेला होता.

सहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता हळूरावच्या हेडफोनमध्ये घंटा वाजली. काचेपलीकडे त्याला एक ओळखीची मान पाठमोरी दिसत होती. त्या मानेचा शर्ट सकाळी वहिनीने इस्त्री केला होता.

“नमस्कार सर. हा कॉल गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित होत आहे. आपण आम्हाला सोडून जाताय असं कळलं.”

“शेंडेफळ?”

“सर, कृपया आडनावाने हाक मारावी,” आवाज घसा खाकरून म्हणाला. “सर्वप्रथम, अडीच वर्षांच्या सोबतीबद्दल कंपनी आपली ऋणी आहे.”

पहिली खिडकी. हळूरावने डोळे मिटले. तिसऱ्या नकारानंतर चौथी खिडकी उघडते. गिऱ्हाइकाला निम्मा दर मिळतो, तर माणसाला दीड हजार मिळायला काय हरकत आहे? एक दिवस घरी बसण्याचीही गरज नाही. नुसतं तीनदा म्हणायचं.

“राजीनामा मंजूर करा,” तो म्हणाला. सातवा मजला कोसळला नाही.

“सर, आपलं पदनाम आजपासून ‘वरिष्ठ स्नेहबंध अधिकारी’ करण्यात येईल.”

“ओळखपत्रावर बसणार नाही ते.”

“फोटो काढून टाकता येईल, सर.”

“राजीनामा मंजूर करा.” हा दुसरा नकार. आयुष्यात एकच वाक्य त्याने लागोपाठ दोनदा कधीही म्हटलं नव्हतं. आत कुठेतरी एक दार हलकेच लागल्याचा आवाज त्याने ऐकला.

“सर, डोकं टेकायची सोय असलेली खुर्ची. आणि सहा महिने घरी इंटरनेट फुकट.”

“तू त्याच घरात राहतोस. नोकरीमुळे आपल्याकडे आहेच ते फुकट.”

मग आवाज एकदम खाली आला. “हळूदादा, माझी पहिलीच केस आहे हो. ही वाचली तरच कायम करणार म्हणाल्यात बाई. तुम्ही फक्त...” आणि शेंडेफळाने उसासा टाकला. अडीच सेकंदांचा. सुरुवातीला किंचित कापरा, शेवटी विझत जाणारा.

हळूराव ऐकत राहिला. आपला उसासा आपल्यावरच टाकला गेला की कसा ऐकू येतो हे त्याला त्या दिवशी प्रथम कळलं. त्यात कोणीतरी एकटं उभं होतं, दाराशी, आणि पाहुणे निघाले होते. फोनपलीकडच्या त्या चार हजार माणसांबद्दल त्याच्या मनात अपार सहानुभूती दाटून आली. तिसरा नकार त्याच्या जिभेवर होता, आणि तिथून तो हलेना.

“बरं,” हळूराव म्हणाला, “राहू दे.”

शेंडेफळ कायम झाला. एक माणूस वाचवल्याबद्दल त्याला बक्षीस मिळालं, ते बरोबर दीड हजार होतं. भिंतीवर त्याचा फोटो लागला. हळूरावचं लग्न मोडल्याची बातमी सातव्या मजल्यावर पसरली आणि सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले. घड्याळ परत मागणं कोणाला बरं वाटलं नाही, आणि परत देणं हळूरावला. शिवाय वाचवलेल्या माणसाला नव्वद दिवस पुन्हा राजीनामा देता येत नाही, असा नियम निघाला. तो गिऱ्हाइकांवरूनच घेतलेला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हळूराव घरमालकीणबाईंकडे गेला. जमलं नाही, असं निदान तोंडाने सांगावं, इतकी सभ्यता त्याच्यात उरली होती.

“अहो, खोल्या तर परवाच गेल्या,” बाई म्हणाल्या.

“कोणाला?”

“त्या ग्रंथालयातल्या बाईंना. सव्वीस हजारांची स्लिप ठेवली समोर. मी किल्ली दिली.”

हळूराव तिसऱ्या मजल्यावर गेला. ग्रंथपाल स्टुलावर उभी राहून खिडकीचं माप घेत होती.

“तो टेप धर,” ती म्हणाली.

त्याने टेप धरला. “तुझी स्लिप चालते?”

“त्यांना स्लिप हवी होती. कोणाची, ते कुठे म्हणाल्या होत्या? तुला सुचलं नाही?”

“सुचलं होतं.”

“मग?”

“बरं दिसलं नसतं.”

“आणि फ्रिजशेजारी झोपतोस ते बरं दिसतं?” ती स्टुलावरून उतरली. “महिनाभर मी वाट बघत होते, तू कधी विचारतोस म्हणून. तू राजीनामा दिलास, केक खाल्लास, घड्याळ आणलंस. पण मला एक साधी गोष्ट विचारली नाहीस.”

हळूरावच्या छातीत उसासा भरून आला.

“तो कंपनीत ठेवून यायचा,” ती म्हणाली. “इथे बोलायचं.”

त्याने तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा तो टेपकडे बघून म्हणाला, “मी येऊ का राहायला?” तिने टेप त्याच्या हातातून काढून घेतला. तिसऱ्यांदा तो तिच्याकडे बघून म्हणाला आणि त्याचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला, असं घरमालकीणबाई अजून सांगतात.

पुढच्या आठवड्यात दोघांनी सह्या करून लग्न केलं. भिंतीवर घड्याळ लागलं. ते दर तासाला पाच मिनिटं पुढे जाई, त्यामुळे त्या घरातले नव्वद दिवस जरा लवकर संपले. त्या दिवसांत हळूराव पलीकडच्या रस्त्यावरच्या कंपनीत जाऊन आला. तिथेही इंटरनेटच होतं, टिकवणंच होतं, भिंतीवर तोच जिना आणि तोच सूर्य होता. त्यांनी त्याला उसासा टाकून दाखवायला सांगितलं आणि तेवीस हजार देऊ केले. पदनाम : ग्राहक प्रतिनिधी. ओळखपत्रावर फोटोला भरपूर जागा.

एक्क्याण्णवाव्या दिवशी त्याने पुन्हा यादी उघडली. आता तिच्यात ‘पगार’ हे कारण आलं होतं, पण फिक्या अक्षरांत. त्यावर बोट ठेवलं की ‘ही सुविधा सध्या उपलब्ध नाही’ असं दिसे. त्याने ‘स्थलांतर’ निवडलं. एका रस्त्याचं का होईना, ते स्थलांतरच होतं.

तीन वाजता घंटा वाजली. आभार झाले. “राजीनामा मंजूर करा.” पदनाम झालं. “राजीनामा मंजूर करा.” खुर्ची झाली, उसासाही झाला, नेहमीचा, अडीच सेकंदांचा. हळूरावने तो शांतपणे ऐकून घेतला. चांगला होता. त्याला त्यात दुरुस्ती सुचवायला काही सापडलं नाही.

“राजीनामा मंजूर करा,” तो म्हणाला.

काचेपलीकडची मान पुढे झुकली. चौथी खिडकी उघडली असणार.

“वाच ना,” हळूराव म्हणाला. “काय आहे चौथ्या खिडकीत?”

“सर... ‘आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. ओळखपत्र आणि हेडफोन तळमजल्यावर जमा करावेत.’”

“बस?”

“बस.” शेंडेफळाचा आवाज बदलला होता. “हळूदादा, खालीही बघितलं मी, सरकवून. काहीच नाहीये. गिऱ्हाइकाला निम्मा दर आणि आपल्याला... आणि तुम्हाला म्हणून सांगतो, सोमवारपासून नवीन भरती आहे. चोवीस हजारांवर घेतायत.”

“तुला किती?”

“एकवीसच. मी आता जुना ना.”

आणि मग त्याने उसासा टाकला. हा अडीच सेकंदांचा नव्हता. तो मधेच तुटला, पुन्हा सुरू झाला आणि कुठे संपला ते कळलंच नाही. हळूरावने तो शिकवलेला नव्हता.

हळूरावने हेडफोन काढला, बोधचिन्हाची बाटली उचलली आणि जाता जाता काचेवर बोटाने टकटक केली. शेंडेफळाने मान वळवली.

“संध्याकाळी अर्जकाकांकडे जा,” हळूराव म्हणाला. तो इतक्या मोठ्याने बोलला, की एकशे चाळीस खुर्च्यांवरची मनधरणी क्षणभर थांबली. “त्यांना सांग, कलम एकोणीस. आणि तिसऱ्यांदा म्हणायला विसरू नकोस.”